स्प्रिंगचा कडकपणा आणि स्वे बार: ताम्हिणीत गाडी मागून का सुटली?

सह्यवाट

नमस्कार. मागच्या रविवारी माझ्या बाबतीत एक प्रसंग घडला. त्याचे कारण नीट समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. रोजचे येणे-जाणे पुण्यातच असते, पण महिन्यातून दोन-तीनदा मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरून माणगावपर्यंत जावे लागते. मूळचे सस्पेन्शन मला वळणात सैल वाटत असे. तीन महिन्यांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून चारही स्प्रिंगा बदलून कडक बसवल्या आणि मागच्या बीमला (दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईला) यू-बोल्टने एक जाड स्वे बारही, म्हणजे वळणात गाडी झुकू नये म्हणून लावतात ती सळई, लावून घेतला. शॉकअप मूळचेच ठेवले. गाडी जवळजवळ ३५ मिलिमीटर खाली आली. कोरड्या रस्त्यावर गाडी झुकत नसे, स्टीअरिंग फिरवल्याबरोबर नाक वळत असे, आणि आपण योग्य तेच केले असे मला वाटत होते.

रविवारी पाऊस होता. घाट उतरताना एका उजव्या वळणात रस्ता दुरुस्त केलेला डांबराचा आडवा उंचवटा आला आणि त्याच क्षणी मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडीची मागची बाजू एका झटक्यात डावीकडे फेकली गेली. स्टीअरिंग उलटे फिरवेपर्यंत गाडी आडवी झाली होती आणि ती कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी पत्नी आणि मागच्या सीटवर मुलगी होती. कोणाला काही झाले नाही, पण तेव्हापासून मी घाटात गेलेलो नाही.

दुकानदाराने स्प्रिंगा "तीस टक्के कडक" आहेत असे सांगितले होते. खोक्यावर पुढच्या स्प्रिंगसाठी २.८५ आणि मागच्या स्प्रिंगसाठी ३.५७ असे आकडे आहेत, एकक कुठेच लिहिलेले नाही. टायर नवे आहेत आणि त्यांतील हवा बरोबर होती. स्प्रिंग आणि बार निवडण्याची काही शास्त्रीय रीत असेल, तर ती मला शिकायची आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

तारेचा_पीळ

सर्वजण सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. मी चाकण भागात स्प्रिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो, त्यामुळे माझ्या हातातली बाजू आधी सांगतो.

खोक्यावरचे आकडे किलो प्रति मिलिमीटर या एककातले असावेत. जपानी पद्धतीच्या मालावर ते सर्रास असते. त्यांना ९.८१ ने गुणले की पुढची स्प्रिंग २८ आणि मागची ३५ न्यूटन प्रति मिलिमीटर येते. अमेरिकन माल असता तर आकडे पौंड प्रति इंचात, म्हणजे १६० आणि २०० असे दिसले असते. तीन एककांची ही सरमिसळ अनेकांना फसवते, म्हणून सर्व आकडे आधी एकाच एककात आणावेत.

आता मूळ स्प्रिंगा जपून ठेवल्या असतील तर त्यांचा कडकपणा घरबसल्या काढता येतो. व्हर्नियरने तारेची जाडी मोजावी, गुंडाळीचा बाहेरचा व्यास मोजून त्यातून तारेची जाडी वजा करावी म्हणजे मध्यव्यास मिळतो, आणि प्रत्यक्ष काम करणारे वेढे मोजावेत. दोन्ही टोकांना बैठकीवर टेकलेला भाग काम करत नाही, तो धरू नये. तारेच्या जाडीचा चौथा घात घेऊन त्याला पोलादाच्या कर्तन गुणांकाने, म्हणजे सुमारे ७८,५०० ने गुणावे. मग त्याला मध्यव्यासाचा घन, वेढ्यांची संख्या आणि ८ यांच्या गुणाकाराने भागावे. सर्व मापे मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये येते.

चौथा घात हा शब्द लक्षात ठेवावा. १२ मिलिमीटरची तार १२.५ केली, तर हाताला फरक कळत नाही, पण स्प्रिंग जवळजवळ १८ टक्के कडक होते. त्यामुळे रंगाचा थर खरवडून उघड्या तारेवर माप घ्यावे.

स्प्रिंगबरोबरच गाडीचे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचे वेगवेगळे वजनही हवे. वाळूच्या ट्रकसाठी असतो तो वजनकाटा चालेल. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग फक्त मागची.

सह्यवाट

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व मापे घेतली. मूळची पुढची स्प्रिंग: तार १२, बाहेरचा व्यास १४२, म्हणजे मध्यव्यास १३०, कामाचे वेढे ४.६. उत्तर २०.१ आले. मागची साधारण २२ आली. म्हणजे पुढे ४० टक्के आणि मागे ५९ टक्के वाढ झाली आहे, "तीस टक्के" कुठेच नाही.

वजनकाट्यावर मी एकटा आत बसलेलो असताना आणि टाकी अर्धी असताना पुढे ६६० आणि मागे ४०० किलो भरले. एकूण १०६० किलो.

मिशिगनकर

आपण आकडे आणलेत, आता विचार करता येईल. मी डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. माझे मत असे की स्प्रिंग निवडताना "किती टक्के कडक" हा प्रश्नच बाजूला ठेवावा आणि गाडीचा तो कोपरा एका सेकंदात किती वेळा वरखाली डोलतो हे पाहावे. त्याला आम्ही राइड फ्रिक्वेन्सी म्हणतो. एकच स्प्रिंग हलक्या गाडीत दगडासारखी आणि जड गाडीत मऊ वाटते, कारण डोलण्याचा वेग कडकपणा आणि वजन या दोघांच्या प्रमाणावर ठरतो.

त्यात एक पायरी मधली आहे. स्प्रिंग चाकावर बसलेली नसते, ती थोडी आत असते. चाक १० मिलिमीटर वर गेले आणि स्प्रिंग ८.५ मिलिमीटर दबली, तर हे गुणोत्तर ०.८५ झाले. चाकाला जाणवणारा कडकपणा काढताना या गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो: एकदा हालचाल कमी होते म्हणून, आणि एकदा तरफेमुळे बळ कमी होते म्हणून. ०.८५ चा वर्ग ०.७२, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा पाव हिश्श्याहून जास्त कडकपणा चाकापर्यंत पोहोचतच नाही. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात त्या रचनेत) हे गुणोत्तर ०.९५ च्या आसपास असते आणि वर्ग ०.९०. मागचे गुणोत्तर आपण स्वतः मोजावे: स्प्रिंग काढून बीम जॅकने दोन्ही बाजूंनी सारखा उचलावा आणि चाकाची व स्प्रिंगच्या बैठकीची उंची दोन ठिकाणी टिपावी. तोवर मी ०.८५ धरतो.

पुढच्या प्रत्येक कोपऱ्यावर ३३० किलो आहेत. त्यातून चाक, ब्रेक, हब यांचे सुमारे ३५ किलो वजा केले की २९५ उरतात. मागे २०० मधून ३० गेले की १७०. या हिशोबाने मूळ गाडी पुढे १.२५ आणि मागे १.५४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा, डोलत होती. आपण बसवलेल्या स्प्रिंगांवर ती पुढे १.४७ आणि मागे १.९४ झाली. घरच्या गाड्या बहुधा १ ते १.५ च्या दरम्यान असतात, चपळ गाड्या दीड ते दोन. म्हणजे आपली गाडी पुढून घरची राहिली आणि मागून ट्रॅकची झाली.

मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद डोलावी हे तत्त्व मात्र बरोबर आहे आणि त्याचा इतिहास जुना आहे. अभियंते मॉरिस ओली १९३० मध्ये रोल्स-रॉइस सोडून जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आले आणि त्यांनी पुढे-मागे वजने सरकवता येतील अशी चाचणीची गाडी तयार केली. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या की गाडी उंचवट्यावरून सपाट राहून जाते, घोड्यासारखी मागेपुढे डुलत नाही, हे त्यांनी त्या गाडीवर दाखवले. कारण सोपे आहे. आपल्या गाडीची चाके एकमेकांपासून २४३० मिलिमीटरवर आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगात मागचे चाक त्याच उंचवट्यावर ०.१५ सेकंद उशिरा पोहोचते. मागचे डोलणे थोडे जलद असले, तर ते पुढच्याला गाठते आणि दोन्ही टोके मिळून वरखाली होतात. पण त्यासाठी मागची बाजू दहा ते वीस टक्के जलद पुरते. लहान हॅचबॅकमध्ये एकटा चालक असताना ती अधिक दिसते, कारण चार माणसे आणि सामान मागेच वाढते आणि कंपनीला तेही पेलायचे असते. मागच्या कोपऱ्यावर १७० ऐवजी २८० किलो आले की आपले मूळचे १.५४ उतरून १.२० होतात.

दुसरी गोष्ट शॉकअपची. स्प्रिंग ४० टक्के कडक केली की तेवढेच नियंत्रण ठेवण्यासाठी शॉकअपचा रोध १८ टक्के वाढवावा लागतो, ५९ टक्क्यांसाठी २६ टक्के. नऊ-दहा वर्षांच्या मूळ शॉकअपमध्ये तो असण्याचा प्रश्नच नाही.

दुसरा_गिअर

मी गेली काही वर्षे हौस म्हणून ऑटोक्रॉस चालवते आणि दोनदा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवरही पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक घेऊन गेले आहे. बारबद्दल मी लिहिते, कारण दोष स्प्रिंगांइतकाच, किंबहुना अधिक, बारचा आहे असे मला वाटते.

स्वे बार, ज्याला गॅरेजमध्ये स्टॅबिलायझर म्हणतात, ही आडवी बसवलेली पीळ घेणारी स्प्रिंग असते. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की तिला पीळ पडतो आणि ती झुकण्याला विरोध करते. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन जाईल हे बार ठरवतच नाही. ते गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतात. बार फक्त एवढेच ठरवतो की त्या वजनाच्या बदलाचा किती वाटा पुढच्या ॲक्सलने उचलायचा आणि किती मागच्या.

आपल्याच गाडीचा हिशोब करू. गुरुत्वमध्य ५४ सेंटिमीटरवर आणि चाकांची रुंदी १४८ सेंटिमीटर धरली, तर ०.७ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट जोराच्या) वळणात १०६० किलोंपैकी सुमारे २७० किलो आतून बाहेर जातात. मागचा वाटा ४० टक्के असेल तर मागे १०८ किलो सरकतात आणि आतल्या मागच्या चाकावर अजून ९२ किलो राहतात. जाड बार आणि कडक स्प्रिंगांमुळे हा वाटा ६५ टक्के झाला असेल, असा माझा अंदाज आहे, तर मागे १७५ किलो सरकतात आणि त्या चाकावर २५ किलो उरतात. ०.८ जी ला ते जमीन सोडते. टायरवर वजन दुप्पट केले की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून एक टायर ओझ्याने दबलेला आणि दुसरा अधांतरी, अशा जोडीची पकड नेहमी कमी असते. ज्या टोकाला बार कडक केला, ते टोक आधी सुटते.

ट्रॅकवर मी हे जाणूनबुजून करते. पुढची चाके ओढणारी गाडी स्वभावतः नाकाने बाहेर जाते, आणि पुढचा बार जाड केला तर वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरत राहते. त्यामुळे मागचा बार जाड करून नाक मोकळे करणे ही रास्त युक्ती आहे. पण तिथे रस्ता सपाट असतो, कठड्याच्या जागी मोकळी माती असते आणि पाय उचलल्यावर मागची बाजू फिरणार हे मला आधीपासून माहीत असते. पावसात मी स्वतः तो बार सोडून ठेवते. सह्यवाटदादा, कुटुंबाला घेऊन ताम्हिणी उतरणाऱ्या गाडीला तो नको, एवढेच मी कळकळीने सांगेन.

नवशिका

ताई, एक शंका. पावसात तर गाडी ०.७ जी पर्यंत जातच नाही, मग चाक उचलले गेले असे कसे म्हणता येईल? आणि नवी स्प्रिंग घेण्याऐवजी मूळच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर चालेल का? आमच्या भागात पुष्कळ जण तसे करतात.

दुसरा_गिअर

शंका योग्य आहे. ओल्या रस्त्यावर ०.४ जी धरला तर एकूण १५५ किलो सरकतात, त्यातले १०० मागे. म्हणजे आतल्या चाकावर १०० आणि बाहेरच्यावर ३००. चाक उचलले गेलेले नाही, पण वाटणी एकास तीन झाली आहे. त्यात ॲक्सिलरेटर सोडला की पुढच्या चाकांवर इंजिनाचा अटकाव येतो आणि मागचे आणखी ३०-३५ किलो पुढे जातात. एवढ्यानेही गाडी कदाचित सावरली असती. तिसरे काहीतरी घडले असावे. उंचवट्यावर "एका झटक्यात" सुटली हे वर्णन मला खटकते आहे.

तारेचा_पीळ

वेढा कापू नये, हे मी हात जोडून सांगतो. वरच्याच स्प्रिंगचे ४.६ वेढ्यांचे ३.६ केले तर ती २० वरून २५.७ होते, म्हणजे २८ टक्के कडक. पण तिची उंचीही जाते. चाक लटकले की ती बैठकीत सैल पडते आणि परत येताना तिरकी बसू शकते. टोकाचा जमिनीसारखा सपाट भागही कापण्यात जातो. शिवाय गॅसने कापले की तिथल्या पोलादाचे पाणी उतरते. आम्ही तारेला गुंडाळल्यावर छर्ऱ्यांचा मारा देतो आणि पूर्ण दाबून बसवून घेतो, ते सर्व तिने लाखो वेळा दबून उठावे आणि तुटू नये यासाठी असते. त्या कष्टावर गॅसची ज्योत चालवू नये.

पाटेवाले_काका

माझे सांगलीकडे चाळीस वर्षे गॅरेज आहे. मी अ‍ॅम्बॅसिडरच्या पुढच्या पिळाच्या सळ्या आणि मागचे पाटे बसवत मोठा झालो, त्यामुळे हिशोब मला तुमच्यासारखा मांडता येणार नाही, पण बसवण्यातल्या चुका मी ओळखतो. तीन गोष्टी तपासा.

पहिली, बीमच्या बुशचे आणि पुढच्या चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर, चाके लटकलेली असताना आवळले होते का? तसे आवळले तर रबराचे बुश त्या लटकलेल्या जागी कायमचे धरले जाते आणि गाडी खाली उतरल्यावर रबराला रात्रंदिवस पीळ राहतो. ते बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडी दोन-चार वेळा दाबून बसवून, मगच शेवटचे आवळायचे असतात. माझ्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

दुसरी, बारची लिंक, म्हणजे त्याचे टोक जोडणारी दांडी, बसवताना गाडी सपाट जमिनीवर होती का? एका बाजूची लिंक जबरदस्तीने ओढून बसवली तर बारला बसल्या जागी पीळ पडतो आणि गाडी डाव्या वळणात एक आणि उजव्या वळणात दुसरे वागते.

तिसरी, बीमवर कुठे वेल्डिंग केले आहे का? तुमचा यू-बोल्टचा आहे हे त्यातल्या त्यात बरे. बीम स्वतःच पीळ घेतो, तोच त्या गाडीचा मागचा स्टॅबिलायझर आहे. त्याला वेल्डिंगचा डाग दिला की आज ना उद्या तिथूनच तडा जातो.

जाता जाता एक सांगतो, मारुती ८०० वाल्यांनी दुसऱ्या गाडीचे बघून पुढचा बार बदलू नये. त्या गाडीत बार लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. तो बदलला की चाकाची जागाच बदलते.

आणि बाळा, गाडी तीन-साडेतीन सेंटिमीटर खाली आली म्हणतोस. मागचे बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पुरते दबले की टेकणारे रबराचे ठोकळे, काढून बघितलेस का?

सह्यवाट

काका, आज आपल्या शेवटच्या प्रश्नावरूनच सुरुवात केली, आणि मला वाटते उत्तर तिथेच आहे.

मागची चाके काढून कंदिलासारखा दिवा आत धरला. उजव्या बाजूच्या बंप स्टॉपला वरून किंचित घासल्याची खूण होती. डाव्या बाजूचा, म्हणजे त्या वळणात बाहेर असलेला, बंप स्टॉप टोकाला चपटा झालेला आहे, त्याच्या कडेला गोल तडा गेला आहे आणि समोरच्या लोखंडी बैठकीवरची धूळ पुसली जाऊन तिथे बांगडीएवढे चकचकीत वर्तुळ पडले आहे. ते एकदा टेकून पडण्यासारखे नाही. तीन महिने तो रोज टेकत असणार.

खात्रीसाठी बंप स्टॉपच्या टोकावर गणपतीसाठी आणलेल्या शाडूचा दोन सेंटिमीटरचा गोळा बसवला, पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर, तो किती दबतो ते कळावे म्हणून, प्लास्टिकची केबल टाय आवळली आणि घरापासून चौकापर्यंत, फक्त एका गतिरोधकावरून, एकट्याने जाऊन आलो. शाडूची पातळ भाकरी झाली होती. पुढची टाय बंप स्टॉपपासून फक्त ४ मिलिमीटर दूर होती.

काकांच्या इतर प्रश्नांची उत्तरे: बीमचे बोल्ट लटकत्या चाकांवरच आवळले होते, हे मला आठवते, कारण मी शेजारी उभा होतो. वेल्डिंग नाही.

मिशिगनकर

मग कोडे सुटले. बंप स्टॉप टेकेपर्यंत मागची स्प्रिंग ३५ न्यूटनची होती, टेकल्यावर तो कोपरा क्षणात कित्येक पटींनी कडक झाला. ताईंनी मांडलेल्या वाटणीतला मागचा वाटा ६५ वरून एकाएकी त्याहून पुष्कळ वर गेला आणि तेही ओल्या उंचवट्यावर, पाय उचललेला असताना. "एका झटक्यात" या शब्दांचा अर्थ हाच.

इथे मला सर्वांना एक सांगावेसे वाटते. गाडी खाली केली की स्प्रिंग कडक करावीच लागते, कारण हालचालीला जागा कमी उरते. पण किती कडक केली की ती जागा पुरेल याचा हिशोब कोणी करत नाही. १ हर्ट्झच्या गाडीची स्प्रिंग गाडीच्या वजनाने सुमारे २५० मिलिमीटर दबलेली असते, दीड हर्ट्झची ११०, दोन हर्ट्झची ६२. म्हणजे मागे दोन हर्ट्झजवळ जाऊनही, तिथे ४० मिलिमीटरसुद्धा मोकळे नसतील, तर आपल्या रस्त्यांवर ते पुरत नाहीत. मॅकफर्सन गाडीत आणखी एक तोटा आहे. लोअर आर्म आडवा होऊन वर झुकला की गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त खाली जातो. झुकवणारी तरफ लांब होते, आणि खाली केलेली गाडी झुकू नये म्हणून पुन्हा बार जाड करण्याची पाळी येते.

म्हणून माझा क्रम असा असतो. आधी रस्त्यासाठी लागणारी मोकळी हालचाल ठरवायची, घाटासाठी मी मागे निदान ७० मिलिमीटर धरेन. मग त्या उंचीला साजेशी फ्रिक्वेन्सी, तिच्यावरून स्प्रिंग, स्प्रिंगवरून शॉकअप, आणि सर्वांत शेवटी, गाडी नाकाने जाते की मागून हे चालवून पाहिल्यावर, बार. बारने स्प्रिंगचे काम करून घेऊ नये. एकाच चाकाला खड्डा लागला की बार त्याचा हादरा दुसऱ्या चाकाला देतो. झुकताना प्रत्येक चाकावर बारचा जेवढा कडकपणा येतो, त्याच्या निम्मा एका चाकाच्या खड्ड्यातही येतो, आणि आपल्याकडे एका चाकाचे खड्डेच जास्त.

आपल्या गाडीसाठी मी पुढे २४ आणि मागे २६ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगा सुचवतो. पुढे १.३६, मागे एकट्याने १.६७ आणि भरल्या गाडीत १.३० हर्ट्झ. उंची मूळपेक्षा फार तर १० मिलिमीटर कमी. मागचा जादा बार काढून टाकावा, पुढचा मूळचा ठेवावा.

दुसरा_गिअर

स्प्रिंगांबद्दल पूर्ण सहमत. बारबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. मागचा बार पूर्ण काढला तर ही गाडी पुन्हा नाकाने जाणारी होईल आणि सह्यवाटदादांना मूळ तक्रार परत जाणवेल. बारीक बार ठेवता येईल. बारचा कडकपणाही जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे २२ चा २४ केला तर ४२ टक्के वाढ आणि २० केला तर ३२ टक्के घट. भोके असलेला बार असेल तर हाताची लांबी १८० ऐवजी २०० केली तरी जवळजवळ एक पंचमांश मऊ होतो. पोकळ बारही वाईट नसतो: बाहेरून २५ आणि ३ मिलिमीटर जाडीची नळी ही २२ च्या भरीव बारपेक्षा ११ टक्के कडक आणि वजनाने ४५ टक्के हलकी असते.

मिशिगनकर

ताई, ट्रॅकसाठी आपले म्हणणे मान्य. पण या गाडीत चालकाच्या मागे लहान मूल बसते. नाकाने बाहेर जाणाऱ्या गाडीत घाबरून पाय उचलला की ती आपोआप सावरते, मागून सुटणाऱ्या गाडीत पाय उचलला की ती आणखी फिरते. घाटातल्या माणसाची सहज प्रतिक्रिया पाय उचलण्याचीच असते. म्हणून मी कंपनीची ती थोडी बोथट वाटणारी वृत्ती इथे मोडणार नाही.

दुसरा_गिअर

हे पटले. आधी बारशिवाय चालवून पाहावे, मग ठरवावे.

तारेचा_पीळ

मागची २६ ची तयार स्प्रिंग नेमक्या उंचीत मिळणे अवघड आहे, पण थोड्या संख्येने स्प्रिंगा वळून देणारे कारखाने भोसरी-चाकण पट्ट्यात आहेत. ११ मिलिमीटरची तार, १०० चा मध्यव्यास आणि ५.५ कामाचे वेढे घेतले की २६.१ येते. टोकांसकट सात वेढे धरले तर ती पूर्ण दबून ७७ मिलिमीटर होते. बंप स्टॉप पूर्ण दबल्यावरही तिच्या बैठकीत याहून जास्त जागा आहे ना, हे आधी मोजून घ्यावे. वेढे एकमेकांवर आपटले की स्प्रिंग टिकत नाही.

आणखी एक व्यवहाराची बाब. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या संदर्भात स्पष्ट केले आहे. स्प्रिंगांचा उल्लेख त्या प्रमाणपत्रात नसला, तरी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवावे आणि मूळच्या स्प्रिंगा फेकू नयेत.

सह्यवाट

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे मनापासून आभार मानतो आणि झालेल्या कामाचे आकडे देतो.

मागच्या स्प्रिंगा वरच्याच मापाने वळून घेतल्या. कारखान्यातच दाबून पाहिल्या, एक २५.८ आणि दुसरी २६.३ भरली. पुढे २४ च्या तयार मिळाल्या. मागचे गुणोत्तर स्वतः मोजले, ते ०.८३ आले, म्हणजे मागची फ्रिक्वेन्सी मिशिगनकरांच्या आकड्यापेक्षा किंचित कमी, १.६३. चारही शॉकअप नवे घेतले, बंप स्टॉपही नवे. जादा बार काढला. सर्व बोल्ट काकांनी सांगितल्याप्रमाणे चाके गॅरेजमधल्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकवून, खड्ड्यात उतरून आवळले, आणि मग अलाइनमेंट केले. गाडी मूळपेक्षा पुढे ८ आणि मागे ११ मिलिमीटर खाली आहे.

काल पहाटे एकटाच ताम्हिणीला गेलो. रिमझिम होती. ते वळण ओळखू आले, कारण आडवा उंचवटा तसाच आहे. ताशी ४० ने गेलो, मग परत वर येऊन ४५ ने उतरलो, आणि दुसऱ्या वेळी उंचवट्यावर मुद्दाम पाय हलकाच उचलला. मागची बाजू उंचवट्यावर एकदा उठली, बसली आणि आपल्या वाटेने पुढे गेली. नाक किंचित आत आले, एवढेच. गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते हे खरे आहे, पण झुकताना ती सांगत राहते, आणि मधल्या तीन महिन्यांत गाडीत हेच हरवले होते हे मला आता कळते.

खाली विळ्याच्या बाजूला थांबून बंप स्टॉप पाहिले. डावीकडचा शाडूचा गोळा मी बसवला तसाच होता, त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसाही दिसत होता. पुढची केबल टाय बंप स्टॉपपासून १९ मिलिमीटर दूर थांबली होती. पुढच्या शनिवारी पत्नी, मुलगी, आई आणि सामान घेऊन माणगावला जाणार आहे. तेव्हाही गोळे बसवून नेतो आणि भरल्या गाडीची मापे इथेच लिहितो.

पाटेवाले_काका

चार माणसे बसवून निघायच्या आधी मागच्या टायरची हवा भरल्या गाडीच्या मापाने कर. दाराच्या खांबावर चिकटपट्टीवर लिहिलेली असते.